सायकलीला जू का लागले नाही?

ठाणे, कल्याण किंवा डोंबिवली यांपैकी कोणत्याही गावातल्या जुन्या वस्तीत सकाळच्या वेळी रस्त्याकडे जरा लक्ष देऊन पाहिले, तर सायकल हे आपल्याकडे बसण्याचे वाहन कमी आणि लादण्याचे अधिक आहे, हे ध्यानात येते. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना लोखंडी आकडे लावून त्यांवर गॅसचे सिलिंडर टांगलेले असतात. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि नळकांड्याचे स्वतःचे वजन जवळजवळ तेवढेच, म्हणजे एक भरलेला सिलिंडर तीस किलोंच्या आसपास जातो. चार टांगले की एकशेवीस किलो झाले. दुधाच्या किटल्या अशाच दोन्ही अंगांना लोंबतात. पाववाल्याची गोणी कॅरिअरवर उभी राहून त्याच्या डोक्याच्याही वर जाते. यांतली बरीच कामे आता टेम्पोकडे गेली आहेत. पण जोवर ती सायकलीकडे होती, आणि जिथे अजून आहेत, तिथे एक गोष्ट कधी दिसली नाही: सायकलीच्या मागे जोडलेली दोन चाकांची छोटी गाडी.

युरोपात ही जोडगाडी सायकलीइतकीच जुनी मानायला हरकत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती तिथे वापरात होती, आणि दुसऱ्या महायुद्धात जर्मनव्याप्त पॅरिसमध्ये पेट्रोल दिसेनासे झाले तेव्हा सायकलीमागे डबा जोडून माणसे वाहणाऱ्या टॅक्सी रस्तोरस्ती धावू लागल्या. आपल्याकडे पेट्रोल सामान्य माणसाला कधीच परवडणारे नव्हते, ओझी भरपूर होती, सायकली भरपूर होत्या, लोहारकामाचीही वाण नव्हती. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि ठाण्याची वागळे इस्टेट, पुढे डोंबिवलीची वसाहत, यांतून वेल्डिंग करणारे हात या टापूत शेकड्यांनी उभे राहिले. तरीही सायकलीला जू लागले नाही. हा प्रश्न मला केवळ यंत्रशास्त्राचा वाटत नाही. त्याची काही मुळे भाषेत आहेत, काही भूगोलात, आणि काही अशा जागी आहेत की जिथे पाहणे आपल्याला फारसे सोयीचे नाही.

ओझ्यासाठी मराठीत तीन क्रियापदे आहेत: वाहणे, ओढणे आणि ढकलणे. पाठीवर, डोक्यावर, खांद्यावर घेतले तर ते वाहणे. मागे जोडले तर ओढणे. पुढे घालून लोटले तर ढकलणे. तिन्ही वेगवेगळ्या शरीरांची आणि वेगवेगळ्या रस्त्यांची क्रियापदे आहेत. कल्याण हे फार जुने बंदर. ‘पेरिप्लस’मध्ये त्याचा उल्लेख आहे आणि कान्हेरीच्या लेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांची दाने कोरलेली आहेत. या बंदराचा माल देशावर चढत असे तो नाणेघाटाने, जुन्नरकडे. ज्यांनी तो घाट पायांनी चढला आहे त्यांना सांगायला नको, की तिथून बैलगाडी जाणे अशक्य आहे. दगडात खोदलेली ती वाट बैलांच्या खुरांसाठी आणि माणसांच्या पायांसाठी आहे. सातवाहन राणी नागनिकेच्या लेखामुळे आपण नाणेघाट इतिहासाच्या आणि साहित्याच्या वर्गात शिकवतो. पण तो पाठीवरच्या ओझ्याचाही एक शिलालेख आहे, हे सहसा शिकवत नाही. घाटावर जाणारा माल शतकानुशतके बैलाच्या पाठीवर, दोन्ही अंगांना गोण्या टाकून गेला. बोरघाटातून चाकांची गाडी नीट जाईल असा रस्ता खुला झाला तो १८३० मध्ये, सर जॉन माल्कम मुंबईचा गव्हर्नर असताना. त्यानंतर तेवीस वर्षांनी, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी आली, आणि पुढल्या वर्षी ती कल्याणपर्यंत पोहोचली. म्हणजे या टापूत खुल्या घाटरस्त्यावरच्या बैलगाडीला आगगाडीच्या आधी जेमतेम एक पिढी मिळाली. सपाटीवर, भातखाचरांच्या आणि मिठागरांच्या कडेने गाड्या होत्याच. पण लांब पल्ल्याच्या मालाची सवय पाठीची होती, चाकाची नव्हती.

आता त्या गॅसवाल्याची सायकल पुन्हा पाहावी. दोन्ही अंगांना समान भार, मधे अरुंद शरीर, चढ आला की मालक खाली उतरून शेजारून चालतो. हा गाडीला जुंपलेला बैल नव्हे. हा तांड्यातला, पाठीवर गोणी घातलेला बैल आहे. आपण सायकलीला बैल मानले खरे, पण कुठला बैल, हे आपल्या भूगोलाने ठरवले.

सायकल मराठी मुलखात आली तीही गंमतीदार मार्गाने. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते, आणि १८८८ मध्ये किर्लोस्कर बंधूंनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले. पुढे कडबा कापण्याचे यंत्र, मग लोखंडी नांगर, १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी, आणि १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’. ज्या मासिकाने मराठी वाचकाच्या दोन पिढ्या घडवल्या त्याच्या वंशावळीत पहिले नाव सायकलीचे आहे, ही नोंद वाङ्मयेतिहासकारांनी करून ठेवायला हवी. मात्र किर्लोस्करांच्या डोक्यात सायकल आणि नांगर यांचा संबंध व्यापारापुरताच राहिला. सायकल साहेबाची आणि हौशी पांढरपेशाची, नांगर शेतकऱ्याचा. सायकल ओझ्याला लागली ती फार पुढे, देशी कारखान्यांची स्वस्त आणि जड सायकल आल्यावर. १९४९ मध्ये मद्रासला टीआय, १९५१ मध्ये सोनीपतला अ‍ॅटलास, १९५६ मध्ये लुधियान्याला हीरो. या सायकलींचा साचा इंग्लंडमधल्या विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या ‘रोडस्टर’चा होता: लांब सांगाडा, जाड नळ्या, एकच गिअर. एका माणसासाठी आखलेल्या या वस्तूवर आपण दीडशे किलो घातले आणि ती टिकली, याचे श्रेय त्या नळ्यांना दिले पाहिजे.

मग जोडगाडी करायची म्हटले तर अडते कुठे? इथे थोडे खोलात जावे लागेल, कारण ‘कोणाला सुचलेच नाही’ हे उत्तर फार सोपे आहे आणि ते चुकीचे आहे.

पहिला प्रश्न वजन कुठे ठेवायचे हा. दोन चाकांच्या गाडीत ओझे आसाच्या मागे गेले की पुढचा दांडा वर उचलला जातो. आपल्या गाडीवानांकडे यासाठी अचूक शब्द आहे: गाडी उलाळ झाली. उलाळ गाडी बैलाच्या मानेवरचे जू वर ओढते, जोत्याचा पट्टा गळ्याला काचतो. ओझे फार पुढे आले तर उलट सगळा भार मानेवर. चांगला गाडीवान पोती रचताना दांडा हाताने उचलून पाहतो आणि थोडासा भार पुढे राहील असे करतो. सायकलीच्या जोडगाडीचा नियम हाच आहे. ऐंशी किलोंचे ओझे असेल तर त्यातले चार ते आठ किलो जोडावर खाली दाबणारे असावेत. जोड उलाळ झाला तर सायकलीचे मागचे चाक हलके होते, ब्रेक लावताच घसरते. परदेशी पुस्तकांत जे टक्केवारीने सांगितले आहे ते मराठीत एका विशेषणात सांगून झाले आहे. शब्दकोश ही अनेकदा तंत्रज्ञानाची वही असते, असे म्हणतात ते अशा वेळी पटते.

दुसरा प्रश्न जोडाचा. सायकल वळताना कलते, मागची दोन चाकी गाडी कलत नाही. खड्ड्यात सायकलीचे चाक खाली जाते तेव्हा गाडीचे अजून वर असते. म्हणून जोड तिन्ही दिशांना मोकळा हवा: डावीउजवीकडे, वरखाली, आणि पिळासाठी. बैलगाडीत जू धुऱ्याला दोरखंडाने आवळतात, त्याचे मर्म यातच आहे. दोर बैलाच्या चालीतला हिसका पोटात घेतो. सायकलीला असा जोड सीटच्या नळीला लावला तर तो सोपा, पण उंच पडतो, आणि ब्रेक लागला की मागचे ओझे सायकलीला वरून पुढे ढकलते. मागच्या आसाजवळ, खाली लावला तर चाल स्थिर राहते. मात्र तिथे कॅरिअरचे पाय, चेन आणि स्टँड यांची गर्दी असते. आपल्या सायकलीचा दोन पायांचा स्टँड नेमका त्याच जागी उघडतो. जोड लावायचा तर स्टँड काढावा लागतो, आणि ज्याला दिवसातून पन्नास दारांपुढे थांबायचे आहे त्याला स्टँडवाचून चालत नाही. तपशील क्षुल्लक वाटेल, पण रचना अशाच तपशिलांवर मोडतात.

तिसरा प्रश्न सर्वांत कठीण, आणि तो चाकाचा. सायकलीचे चाक हा तारांवर ताणलेला चमत्कार आहे. उभा भार ते स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पेलते. आडवा भार मात्र त्याला सोसत नाही. सायकल वळताना कलते, त्यामुळे तिच्या चाकावर आडवा भार फारसा येतच नाही. जोडगाडी कलत नाही, म्हणून वळणावर सगळा आडवा जोर तिच्या चाकाला घ्यावा लागतो. रिम वाकडी होते आणि सायकलवाल्याकडे जाऊन ‘आउट’ काढून घ्यावा लागतो. दर आठवड्याला. बैलगाडीचे लाकडी चाक जाड आऱ्यांचे आणि लोखंडी धावेचे असते ते काही अडाणीपणामुळे नव्हे. ते आडव्या भारासाठीच तसे असते. जोडगाडीला लहान, जाड, स्कूटरसारखे चाक लावावे तर ते आपल्या खड्ड्यांत रुतते आणि जड ओढते. मोठे लावावे तर वाकते.

चौथा प्रश्न चढाचा आणि उताराचा. रेल्वेने ही तिन्ही गावे पूर्व आणि पश्चिम अशी चिरली आहेत, आणि एका बाजूचा माल दुसरीकडे न्यायचा तर पूल चढावा लागतो. हिशेब करून पाहू. साठ किलोंचा माणूस, वीस किलोंची सायकल, वीस किलोंची जोडगाडी, ऐंशी किलोंचे ओझे, एकूण एकशेऐंशी. तिसात एक असा चढ. ताशी सहा किलोमीटर वेगाने, म्हणजे चालण्याहून किंचित जलद, चढायचे तरी सव्वाशे वॉटच्या आसपास शक्ती लागते. सतत काम करणारा माणूस पाऊणशे वॉट देऊ शकतो. एकाच गिअरच्या सायकलीवर याचा अर्थ एवढाच की खाली उतरा. आणि उतरावर एकशेऐंशी किलो थांबवायला सायकलीचे दोन रबरी ब्रेक, पावसाळ्यात ओल्या रिमवर.

हे सारे प्रश्न सुटणारे आहेत, इतरत्र सुटलेलेही आहेत. पण या टापूत त्यांच्या जोडीला आणखी एक अडसर होता, आणि माझ्या मते तोच निर्णायक ठरला: स्टेशन. ठाणे-कल्याण-डोंबिवलीतले ओझे क्वचितच एका दारातून निघून दुसऱ्या दारात पोहोचते. ते दारातून स्टेशनात, स्टेशनातून लोकलच्या लगेज डब्यात आणि तिथून पुन्हा रस्त्यावर येते. डबेवाल्यांची व्यवस्था पाहावी. १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेल्या या धंद्यात सायकल आहे, हातगाडी आहे, आगगाडी आहे, आणि या तिहींना जोडणारी लांबट लाकडी पाटी आहे. तीस-चाळीस डबे घेऊन ती डोक्यावर चढते आणि जिने, दादर, फलाट यांतून वाट काढते. सायकलीवर डबे हँडलला आणि कॅरिअरला टांगतात, पाटीत उतरवतात, मुंबईत उतरल्यावर हातगाडीवर रचतात. जोडगाडी या साखळीत कुठे बसेल? ती स्टेशनबाहेर ठेवावी लागेल, आणि तिची राखण कोण करणार? डबा हा सुटा मोजण्याचा आणि सुटा हलवण्याचा ऐवज आहे, आणि त्याच्या प्रत्येक पायरीवर माणसाचे शरीर हाच जोड आहे. डबेवाले बहुतांशी जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ या भागांतले. नाणेघाटाच्या वरच्या अंगाची माणसे पुन्हा पाठीवरच्या ओझ्याकडेच यावीत, यात कार्यकारणभाव शोधू नये, पण योग विलक्षण आहे खरा.

वाङ्मयाच्या आणि कलेच्या इतिहासातही अवजड सामानाचे हे प्रकरण आहे. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी आपल्या मुलांसह १८९२ पासून ‘शांबरिक खरोलिका’ नावाने दिव्याच्या प्रकाशात चित्रांचे प्रयोग केले. हाताने रंगवलेल्या काचेच्या पट्ट्या पडद्यावर पाडून पुराणकथा सांगितल्या जात. चित्रपटाच्या पूर्वेतिहासात याचा गौरव होतो, तो योग्यच. परंतु दिवे, पडदा आणि काच यांचा पसारा गावोगाव हलवणे हीदेखील त्या कलेची अट होती. काचेला बिनस्प्रिंगच्या चाकाचा हिसका सोसत नाही. अशा मालासाठी माणसाचा खांदा हीच त्या काळातली सर्वांत चांगली स्प्रिंग. याचे उलटे टोक आपण लग्नाच्या वरातीत पाहिले आहे: मागे हातगाडीवर धडधडणारा जनरेटर, त्यातून निघालेल्या तारा, आणि त्या तारांना जोडलेले झगमगते दिवे डोक्यावर घेऊन दोन रांगांत चालणाऱ्या बायका. यंत्र चाकावर, प्रकाश डोक्यावर. वरातीतले कोणी त्या बायकांच्या मानेकडे पाहत नाही.

इथे नेहमीचा आक्षेप येतो, आणि तो टाळता येणार नाही. भूगोल, स्टेशन, चाके हे सगळे ठीक, पण खरे कारण असे की माणसाचा खांदा स्वस्त होता. ज्याचे श्रम फुकटात मिळतात त्याच्यासाठी यंत्र कोण आखणार? यात तथ्य आहे. मालाचा मालक आणि ओझे वाहणारा वेगळे असतात, आणि जोडगाडीचा खर्च एकाचा, फायदा दुसऱ्याच्या कंबरेचा. महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा केला. त्यामागे अण्णासाहेब पाटलांची चळवळ होती. पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने पोत्याचे वजन कमी व्हावे म्हणून लढा दिला. दोन्ही कामे थोर आहेत. मात्र कायद्याच्या नावातच ‘माथा’ आहे, हे लक्षात घेतले पाहिजे. मजुरी, विमा, पोत्याचे किलो यांवर आपण झगडलो. ओझे माथ्यावर का असावे, यावर तितके बोललो नाही. चाक आल्यास काम जाईल ही भीती हमालाला होती आणि ती निराधार नव्हती.

तरीही केवळ स्वस्त खांद्याने सगळे उलगडत नाही. १९५४ मध्ये दिएन बिएन फूच्या लढाईत व्हिएतनामी सैन्याने हजारो सायकलींवरून रसद नेली. तिथे स्वस्त श्रमाबरोबर प्रचंड निकड होती, कल्पकतेची कमतरता नव्हती, आणि एका सायकलीवर दोनशे किलोंहून अधिक भार जात होता. त्यांनीही जोडगाडी केली नाही. हँडलला बांबू बांधून ते लांब केले, सीटच्या जागी एक काठी उभी केली, आणि शेजारून चालत सायकल ढकलली. डोंगरातल्या पायवाटेवर एका रेषेत चालणारे वाहनच टिकते. नाणेघाटातल्या बैलाला हे ठाऊक होते. म्हणून मला वाटते, वाट आधी ठरवते आणि खांद्याची किंमत नंतर. फक्त वाट बदलल्यावरही खांद्याची किंमत बदलली नाही, आणि तिथे आपला दोष सुरू होतो. घोडबंदर रस्ता किंवा कल्याण-शीळ रस्ता म्हणजे नाणेघाट नव्हे.

ज्यांनी हे काम अंगावर घेतले ते या टापूच्या बाहेरचे निघाले. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी यांनी सायकलरिक्षाचा प्रश्न हाती घेतला. मुंबईने सायकलरिक्षा कधी स्वीकारली नाही, त्यामुळे आपल्याला तिचा विसर पडतो, पण नागपूर-विदर्भात ती होती आणि उत्तरेत तर लाखोंनी. दशकानुदशके त्या वाहनाच्या आराखड्यात कोणी लक्ष घातले नव्हते: गिअर नाही, ब्रेक फक्त पुढच्या चाकाला, सांगाडा अनाठायी जड. फलटणला तिला गिअर दिले, मागच्या चाकांना ब्रेक दिले, वजन उतरवले, आणि पुढे मोटरची जोड देऊन पाहिली. या कामावरचा राजवंशींचा लेख ‘करंट सायन्स’मध्ये २००२ साली आला. त्यातली प्रत्येक सुधारणा वर सांगितलेल्या चार प्रश्नांपैकी एकेकाचे उत्तर आहे, हे वाचकाच्या ध्यानात येईल.

दुसरे उदाहरण जळगाव जिल्ह्यातल्या शेंदुर्णीचे. गोपाळ मल्हारी भिसे या शेतकऱ्याला बैल परवडत नव्हते. चढावर सायकलीवरून पोती ढकलत नेणारा माणूस त्यांनी पाहिला आणि त्यावरून त्यांना एक कल्पना सुचली. त्यांनी सायकलीचे पुढचे अंग घेतले, म्हणजे चाक, चिमटा आणि हँडल, आणि चाकाच्या मागे कोळप्याचे पाते बसवले. ‘कृषिराजा’ हे त्याचे नाव. अहमदाबादच्या राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानाने त्याची दखल घेतली. एक माणूस दोन्ही हातांनी हँडल धरून पिकाच्या दोन ओळींमधून ते लोटत जातो. बैल गेला, जू गेले, उलाळ होण्याचा प्रश्नच उरला नाही. ओढण्याचे काम ढकलण्याचे झाले, आणि त्या उपकरणाला लागणारी वाट सायकलीच्या एका चाकाइतकीच रुंद आहे.